देश तसा वेष

'देश तसा वेष' ही म्हण मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो आणि बहुधा एकाच अर्थाने वापरतो. ज्या गावी जावे तेथल्यासारखे राहावे, म्हणजे अडचण होत नाही, काम होते आणि लोकांच्या डोळ्यांवर येण्याचा प्रसंग टळतो, असा तो व्यवहारी अर्थ आहे. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. त्यात सगळा विचार पाहुण्याच्या सोयीचा आहे. ज्याच्या दारी पाहुणा उतरला त्या यजमानाचा त्यात कोठे पत्ता नाही. वेष पालटला की काम भागले, एवढेच ही म्हण सांगत असेल तर ती बहुरूप्याला उपयोगी पडेल, प्रवाशाला नाही. परमुलखात गेलेल्या माणसाने तेथल्या रीतिरिवाजांचा मान राखावा तो कशासाठी, आणि कोठवर, हे समजून घ्यायला समुद्र ओलांडण्याचीही गरज नाही. काशीला जाऊन गंगा ओलांडली की पुरे. पलीकडच्या तीरावर रामनगर आहे.

काशी मराठी माणसाला परकी नाही. पैठणच्या भट्ट घराण्याने सोळाव्या शतकात तेथे बिऱ्हाड केले. शिवराज्याभिषेकासाठी १६७४ साली रायगडावर आलेले गागाभट्ट त्याच घराण्यातले. एकनाथांनी आपली भागवतावरील टीका १५७३ साली काशीतच पुरी केली. अहिल्याबाई होळकरांनी विश्वेश्वराचे देऊळ १७८० साली पुन्हा उभे केले. त्यामुळे काशीला गेलेल्या मराठी यात्रेकरूला आपण परगावी आलो आहोत असे वाटतच नाही, आणि चूक होण्याचा संभव नेमका तेथेच असतो. जेथे सारेच अनोळखी असते तेथे माणूस जपून पाऊल टाकतो. जेथे देव ओळखीचा आणि कथा ओळखीची, तेथे रीतही आपल्या ओळखीचीच असणार असे तो धरून चालतो.

रामनगर म्हणजे काशीच्या राजांची राजधानी. चुनारच्या पिवळसर दगडाचा, गंगेवर उभा असलेला तेथील किल्ला अठराव्या शतकाच्या मध्यास राजा बलवंत सिंह यांनी बांधला. तेथली रामलीला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराज उदितनारायण सिंह यांच्या आश्रयाने रूपास आली, आणि त्यांच्यानंतरच्या ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्या कारकीर्दीत तिच्या संवादांना आजचे वळण मिळाले. अनंत चतुर्दशीला ती सुरू होते आणि आश्विनातल्या पौर्णिमेच्या सुमारास संपते. एकूण सुमारे एकतीस दिवस. तिला एक रंगमंच नाही. साऱ्या गावातच अयोध्या, जनकपूर, चित्रकूट, पंचवटी आणि लंका वसवलेल्या आहेत. राम वनवासाला निघाला की प्रेक्षकही उठून त्याच्यामागे चालू लागतात. बारा रामायणी तुलसीदासांचे 'रामचरितमानस' गातात, ते थांबले की राम, लक्ष्मण, सीता आपापले संवाद म्हणतात. या सगळ्यात ध्वनिक्षेपक नाही आणि विजेचे दिवेही नाहीत. गॅसबत्त्या आणि मशाली, एवढाच उजेड.

आता विचार करावा. हजारोंचा जमाव उघड्या माळावर बसलेला आहे. मध्यभागी दहा-बारा वर्षांचा एक मुलगा रामाचे संवाद म्हणणार आहे. त्याचा आवाज तो केवढा? तो शेवटच्या माणसापर्यंत कसा पोहोचावा? संवादापूर्वी व्यासजी मोठ्याने पुकारा करतात: 'चुप रहो! सावधान!' आणि तो जमाव गप्प होतो. हीच रामनगरची ध्वनियोजना. तिच्यात तार नाही, यंत्र नाही. आहे ती प्रेक्षकांची शिस्त. तेथे गप्प बसणे हा केवळ शिष्टाचार नाही, तो लीलेचाच एक भाग आहे. प्रेक्षक बोलू लागला तर शेजाऱ्याला त्रास होतो एवढेच नव्हे, तर लीला त्या ठिकाणापुरती नाहीशी होते. उजेडाचेही तसेच. मशालीच्या उजेडाला डोळे सरावले की स्वरूपांच्या मुखावरचे तेज दिसू लागते. त्या अंधारात कोणी हातातल्या फोनचा पांढरा दिवा पेटवला तर भोवतालच्या पन्नास जणांना काही काळ काहीच दिसत नाही. लीला चालू असताना छायाचित्रे घेण्यास तेथे मनाई आहे, तिचे एक कारण नवख्याला येथे न सांगता कळावे. दुसरे कारण असे, की ही मुले तेथे नट नसतात. मुकुट चढला की ती 'स्वरूप' होतात, म्हणजे साक्षात देव. त्यांना खांद्यावरून नेतात, आणि वृद्ध माणसेही त्यांच्या पायांवर डोके ठेवतात.

रामनगरच्या रीतीत नवख्याला बुचकळ्यात टाकील असे आणखीही पुष्कळ आहे. सायंकाळी लीला सुरू होते आणि थोड्याच वेळात, कथा रंगात आली असताना, थांबते. महाराज सायंसंध्येला जातात, आणि तेवढा वेळ सारे गाव लीला थांबवून असते. नवा पाहुणा समजतो की खेळ संपला. तो गंगेकडे चालू लागतो. जाणता प्रेक्षक तळ्यावर हातपाय धुतो, कोणी दर्शनाला जातो, कोणी फराळ करतो, आणि तासाभराने सगळे पुन्हा जागेवर. हत्तीवरून महाराजांची स्वारी आली की 'हर हर महादेव'चा घोष होतो. बनारस संस्थान १९४९ साली भारतात विलीन झाले, १९७१ साली संस्थानिकांचे तनखे व पदव्या गेल्या, शेवटचे राज्यकर्ते विभूतिनारायण सिंह २००० साली वारले. तरी त्यांच्या पुत्राचे स्वागत त्याच घोषाने होते. प्रजासत्ताकाचा नागरिक असलेल्या पाहुण्याला हे खटकणे स्वाभाविक आहे. पण तो घोष कोणा माणसाच्या नावाचा नाही, महादेवाच्या नावाचा आहे. काशीचा राजा हा विश्वनाथाचा प्रतिनिधी, अशी तेथली भावना आहे. आणि राज्याभिषेकाच्या पर्वात हाच राजा हत्ती सोडून किल्ल्यातून पायी चालत रामाकडे येतो, हे ज्याने पाहिले त्याला कोण कोणाचा मान राखतो आहे हे समजावून सांगावे लागत नाही.

विजयादशमीची रीत तर याहून सूक्ष्म आहे. त्या दिवशी महाराजांची मिरवणूक लंकेच्या मैदानापर्यंत जाते आणि तेथून माघारी फिरते. रावणवध पाहायला महाराज थांबत नाहीत. एका राजाने दुसऱ्या राजाचा वध पाहू नये, असा संकेत आहे. शत्रूचाही अंत होताना त्याच्याकडे टक लावून पाहू नये, हा तो संकेत. तो सांगणारा फलक तेथे कोठेही लावलेला नाही. ज्या रावणाच्या पुतळ्याला आग लागते तो मुसलमान कारागिरांनी बांधलेला असतो, हेही पुष्कळ पाहुण्यांच्या ध्यानात येत नाही.

हे सगळे नवख्याने शिकावे कोणाकडून? त्यासाठी रामनगरात 'नेमी' आहेत. महिनाभर एकही दिवस न चुकवण्याचा नेम धरलेली ही माणसे. अंगात स्वच्छ धोतर, खांद्यावर उपरणे, कपाळाला चंदन, कानाशी अत्तर, हातात काठी आणि काखेत 'मानसा'चा गुटका. रामायणी गाऊ लागले की ही मंडळी आपापली पोथी उघडून त्यांच्याबरोबर मान हलवतात. अशा नेमीजवळ जाऊन बसावे, तो उठला की उठावे, त्याने पादत्राणे काढली की काढावी, त्याने हात जोडले की निदान स्तब्ध उभे राहावे. दोन घटका गेल्या की तो आपण होऊन पोथी पुढे करतो आणि ओळीवर बोट ठेवतो. न विचारता आलेल्या प्रश्नापेक्षा गप्प बसलेल्या पाहुण्याला तो अधिक सांगतो.

परदेशातून आलेल्या जाणत्या पाहुण्यांनी हेच केले. बनारसच्या टांकसाळीत अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेप यांनी दोनशे वर्षांपूर्वी काशीची चित्रे काढली, त्यांत रामलीलेलाही जागा दिली. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतून रिचर्ड शेकनर आणि लिंडा हेस हे अभ्यासक आले, ते एखादा रंगीत प्रसंग पाहून परतले नाहीत. प्रेक्षकांबरोबर गावभर चालले. हेस यांनी तर लीलेतल्या नटांवर नव्हे, प्रेक्षकांच्या अनुभवावर लिहिले. एका मुक्कामात टिपता येणारे दृश्य आणि महिनाभर पाय दुखवून मिळणारे ज्ञान यांतला फरक त्यांना कळला होता.

मराठी पाहुण्याची अडचण निराळी असते. त्याला रामनगरात पंचवटी भेटते आणि त्याच्या तोंडून सहज निघून जाते, की खरी पंचवटी आमच्या नाशिकला! भूगोल त्याच्या बाजूचा आहे. पण ज्या माळावर दोन शतके पिढ्यान्‌पिढ्या लोक शूर्पणखेच्या प्रसंगाला जमत आले, तो माळ त्यांच्यासाठी खोटा नसतो. पंढरीच्या वाटेवर रिंगणाच्या वेळी कोणी पाहुणा म्हणाला, की घोडे आमच्याकडे याहून चांगले धावतात, तर वारकऱ्याला जे वाटेल तेच रामनगरकराला वाटते. तुलना करणे हा प्रवाशाचा सर्वांत जुना रोग आहे. तुलनेत पाहुणा स्वतःच्या घराविषयीच बोलत असतो. समोरचे घर त्याने अजून पाहिलेले नसते.

दुसरी अडचण भाषेची. मराठीत 'तुम्ही' म्हटले की मान राखला गेला. तोच मराठी माणूस हिंदी बोलू लागला की 'तुम्ही'चे सरळ 'तुम' करतो आणि वृद्ध नेमीला विचारतो, 'तुम कहाँ रहते हो?' त्याच्या मनात आदर असतो. ऐकणाऱ्याच्या कानाला तो पोहोचत नाही. तेथे वडिलधाऱ्यांना 'आप' म्हणायचे असते. उलट बनारसी माणूस स्वतःला 'हम' म्हणतो, तेव्हा मराठी कानाला तो ऐटबाज वाटतो. वास्तविक तेथल्या बोलीत 'हम' म्हणजे साधा 'मी'. दोन्हीकडे मन स्वच्छ, आणि दोन्हीकडे मन दुखावलेले. आपल्याकडे निरोप घेताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. परक्याने 'जातो' म्हटले तर घरातल्या आजीचा चेहरा उतरतो. तिचा चेहरा का उतरला हे त्याला कोणत्या शब्दकोशात सापडावे? रीतीचे हे असेच आहे. ती मोडली गेल्यावरच तिचे वजन कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

रामनगरच्या तीरावर हे ज्याला उमगले त्याला परदेशातही वेगळे काही शिकावे लागत नाही. इंडोनेशियातल्या बाली बेटाचे उदाहरण घ्यावे. तेथील हिंदूंचा शक आपल्या शालिवाहन शकाशी आकड्याने जुळतो. आपण वर्षारंभी गुढी उभारतो. ते वर्षारंभी मौन पाळतात. त्या दिवसाला तेथे 'न्येपी' म्हणतात. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, काम करायचे नाही, घराबाहेर पडायचे नाही, करमणूक करायची नाही. बेटाचा विमानतळसुद्धा चोवीस तास बंद असतो, आणि पर्यटकांनाही निवासाबाहेर पडता येत नाही. सुट्टीचे मोजके दिवस हाताशी घेऊन गेलेल्या प्रवाशाला वाटते, एक दिवस फुकट गेला. रामनगरचा पुकारा ज्याने ऐकला आहे त्याला कळते की येथे साऱ्या बेटानेच 'चुप रहो, सावधान' म्हटले आहे.

थायलंडमध्ये मस्तक हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग मानतात; तेथे परक्याच्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवणे अशिष्ट ठरते. मराठी आजोबा तर कौतुकाने आणि आशीर्वादासाठी नेमके तेच करतात! पायाच्या बाबतीत मात्र दोघांचे एकमत आहे. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसणे तेथे जसे वर्ज्य, तसे आपल्याकडेही देवाकडे पाय करीत नाहीत, आणि कोणाला चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करतात. म्हणजे अर्धी रीत पाहुणा घरून घेऊनच गेलेला असतो. उरलेली अर्धी विचारून घ्यायची असते. हल्ली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने परदेशी जातात, बरोबर चिवड्याचे आणि चकल्यांचे डबे असतात, आणि शांत आगगाडीच्या डब्यात पंधरा-वीस जणांचा गप्पांचा फड रंगतो. त्यात द्वेष नसतो, गुन्हाही नसतो. पण शेजारच्या बाकावरील माणूस उठून दुसरीकडे गेला, तर तो का गेला हे त्या फडातल्या एखाद्याच्या तरी ध्यानात यावे.

रीत मोडली तर जाते काय, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाने दिले आहे. तेथल्या अनांगू लोकांना तो पवित्र आहे. १९८५ साली त्या भूमीची मालकी त्यांच्याकडे परत आली, तेव्हापासून ते पाहुण्यांना विनवीत होते, की कृपा करून यावर चढू नका. ती बंदी नव्हती, विनंती होती. पुष्कळांनी ती मानली, पुष्कळांनी मानली नाही. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढण्यास मनाई झाली. आणि त्याआधीच्या दिवसांत, आता पुन्हा चढता येणार नाही म्हणून, चढणाऱ्यांची रांग लागली. विनंतीचे मोल न समजणाऱ्या पाहुण्यामुळे यजमानाला दाराला कडी घालावी लागते. मग ज्यांनी विनंती मानली होती त्यांच्याही वाट्याला कुंपण येते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. जगातली प्रत्येक रीत मान राखण्याजोगी असते काय? रामनगरातच पाहावे: स्वरूप होण्याचा मान ब्राह्मण कुळांतल्या मुलांनाच मिळत आला आहे. जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांच्या महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला हे निमूटपणे मान्य व्हावे काय? व्हावे असे कोणी म्हणणार नाही. मान राखणे म्हणजे मान डोलावणे नव्हे. पाहुण्याने आपली बुद्धी सीमेवर ठेवून यावे अशी अपेक्षा कोणताही शहाणा यजमान करीत नाही. प्रश्न असतो तो मतभेद कोठे आणि कसा बोलून दाखवावा, याचा.

याही प्रश्नाचे एक उत्तर काशीतच मिळाले आहे. फेब्रुवारी १९१६ मध्ये हिंदू विश्वविद्यालयाच्या स्थापनेच्या समारंभात गांधीजी पाहुणे म्हणून बोलायला उभे राहिले. समोर रत्नालंकारांनी मढलेले राजेमहाराजे होते, व्यासपीठावर ॲनी बेझंट होत्या. गांधीजींनी विश्वनाथाच्या गल्लीतल्या घाणीविषयी सांगितले, राजांना दागिने उतरवून ते देशबांधवांसाठी विश्वस्त म्हणून बाळगायला सांगितले. राजे उठून गेले आणि भाषण अर्धेच राहिले. वरवर पाहता पाहुण्याने यजमानाचा अपमान केला. पण नीट पाहावे. ते आदल्या दिवशी देवळात गेले होते. तेथे त्यांनी कोणाला थांबवले नाही, कोणाच्या पूजेत विघ्न आणले नाही. बोलले ते बोलण्यासाठी भरलेल्या सभेत. 'तुमची घाण' असे ते म्हणाले नाहीत. ती घाण सर्वांची, आणि म्हणून आपलीही, असे ते बोलले. आणि अडथळा आला तेव्हा त्यांनी अध्यक्षांनाच विचारले, की थांबू काय? कठोरात कठोर टीका आणि पाहुण्याची मर्यादा एकाच वेळी सांभाळता येतात, याचे याहून मोठे उदाहरण शोधायला नको.

तेव्हा पाहुण्याची मर्यादा ती कोणती? त्याने चंदन लावलेच पाहिजे असे नाही. श्रद्धा नसताना आरतीत टाळ्या वाजवणे हा मान नव्हे, सोंग आहे. आणि सोंग यजमानाला लगेच ओळखू येते. पण ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्या आणि त्यांच्या देवाच्या मध्ये उभे न राहणे, एवढे तर कोणालाही करता येते. जेथे जायचे तेथे नमस्कार कसा करतात, वडिलांना काय म्हणतात, जोडे कोठे काढतात आणि केव्हा गप्प बसतात, या चार गोष्टी निघण्यापूर्वी विचारून घेतल्या तर पाहुण्याचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम डोळ्यांचे आहे.

राज्याभिषेकानंतरची पहाट उजाडते तेव्हा रामनगरात 'भोर की आरती' होते. महताबीच्या लख्ख उजेडात स्वरूपांची मुखे क्षणभर उजळतात आणि रात्रभर जागलेला जमाव जयघोष करतो. त्या जमावात नेमी असतात, साधू असतात, गंगेपलीकडून आलेले शहरवासी असतात आणि दूरदेशीचे काही पाहुणेही असतात. कोण कोठला, हे त्या प्रकाशात फारसे कळत नाही. ज्याने महिनाभर किंवा एक रात्रभर तेथल्या रीतीने बसण्याचे कष्ट घेतले, त्याला जागा करून देण्यासाठी शेजारचा माणूस थोडा सरकतो. 'देश तसा वेष' ही म्हण ज्यांनी रचली त्यांना असा सरकून बसणारा शेजारी माहीत असला पाहिजे. वेष पालटून फसवता येणारा नव्हे.